सार्वजनिक खोकला

‘सार्वजनिक’ या शब्दाला आपल्याकडे कधी चांगले दिवस आलेच नाहीत. सार्वजनिक नळ म्हटला की तो एकतर ठणठणीत कोरडा असतो, नाहीतर अहोरात्र वाहत असतो. सार्वजनिक वाचनालयातल्या रहस्यकथेला शेवटची चार पानं नसतात. सार्वजनिक संडासाविषयी जेवणाआधी, जेवणानंतर, केव्हाही न बोललेलं बरं. एक गणपतीच काय तो या शब्दाला पुरून उरला, आणि तोही दहा दिवसांवर राहायला तयार होत नाही. अशा या शब्दाच्या गळ्यात कायद्यानं ‘उपद्रव’ हा शब्द बांधला आणि ‘सार्वजनिक उपद्रव’ नावाचा गुन्हा तयार केला. तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, हा गुन्हा कसला, हा तर आमचा पत्ता!

मी कायदा वाचणाऱ्यांपैकी नव्हे. कायदा हा मेहुण्या-साडूंनी वाचायचा आणि आपण तो लग्नकार्यात जेवताना ऐकायचा, अशीच आमच्या घराण्याची रीत आहे. पण गेल्या वर्षी पाळी अशी आली की मला हे कलम तोंडपाठ करावं लागलं. १८६० सालच्या भारतीय दंड संहितेत ते २६८ नंबरला होतं. त्या संहितेचा पहिला मसुदा मेकॉलेसाहेबांच्या आयोगानं १८३७ साली केला. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा २६८ चं २७० झालं. म्हणजे कलम दोन खोल्या पुढं सरकलं, बाकी बिऱ्हाड तेच. बदलला तो दंड. जुन्या कायद्यात जिथं दुसरी वेगळी शिक्षा सांगितलेली नाही अशा उपद्रवाला दोनशे रुपयांपर्यंत दंड होता, तो आता हजारापर्यंत झाला. १८६० ते २०२४ या एकशे चौसष्ट वर्षांत भाव न वाढलेली अशी ही एकच वस्तू माझ्या माहितीत आहे.

कलमात म्हटलंय काय, तर ज्या कृत्यामुळं, किंवा करायला हवं ते न केल्यामुळं, लोकांना किंवा आसपास राहणाऱ्यांना सामायिक इजा, धोका किंवा त्रास होतो, तो सार्वजनिक उपद्रव. यातला ‘आसपास राहणाऱ्यांना’ हा शब्द वाचून मेकॉलेसाहेब कधीतरी आमच्या डोंबिवलीत ब्लॉक घेऊन राहिले असावेत अशी माझी खात्री झाली.

पाळी आली ती खोकल्यामुळं. खोकला सौ.चा. सुरुवातीला तो साधा खोकला होता, म्हणजे त्याच्यावर हळद-दूध, ज्येष्ठमध, आडुळसा आणि शेजारणींचे सल्ले एवढेच उपचार चालू होते. तीन महिन्यांनी तो जिन्यात भेटू लागला. एक मजला चढली की ही कठड्याला धरून उभी राहायची आणि कोणी आलंच तर कठड्याची धूळ बघत असल्यासारखं करायची. शेवटी छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. फोटो झाला, मग त्याहून महागडा फोटो झाला. डॉक्टरांनी तो दिव्यासमोर धरला आणि पहिला प्रश्न विचारला, “घरी कबुतरं आहेत का?”

“पाळलेली नाहीत,” सौ. म्हणाली, “पण आहेत.”

कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची जी बारीक धूळ उडते, तिच्यातल्या प्रथिनांचं काही माणसांच्या फुप्फुसांशी वाकडं असतं. फुप्फुसाला सूज येते, आणि ती धूळ वर्षानुवर्षं पोटात जावी तशी छातीत जात राहिली तर फुप्फुसावर कायमचे व्रण पडतात. सगळ्यांनाच होतं असं नाही. एकाच घरात, एकाच गॅलरीत, तीच धूळ खाऊन मी टुणटुणीत आणि ही जिन्यात उभी. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, “या मी देतो. पण खरं औषध माझ्याकडे नाही. कबुतरं लांब ठेवा.”

आता कबुतर हा पक्षी लांब ठेवण्यातला नाही. मराठीत त्याला पारवा म्हणतात तेव्हा तो देवळाच्या शिखरावर घुमतो आणि कवींच्या उपयोगी पडतो. तोच गॅलरीत आला की कबुतर होतो आणि पायपुसण्यावर अंडी घालतो. आम्ही जाळी बसवली. हल्ली आमच्याकडे प्रत्येक गॅलरीला जाळी आहे. बाहेर कबुतरं मोकळी बसलेली असतात आणि आत आम्ही. जाळीतून कबुतर येत नाही, धूळ येते. आणि धूळ येण्याचं कारण आमच्या डोक्यावर होतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि चौथ्यावर अण्णा.

अण्णांविषयी वाईट लिहायला बसलो तर लेखणी अडते, हीच खरी पंचाईत. वय ब्याऐंशी. सरकारी कचेरीत चौतीस वर्षं काढून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. सोसायटीचा पाण्याचा अर्ज असो, गटाराचा असो, मीटरचा असो, मसुदा अण्णांचा. काकू होत्या तोवर अण्णांना गॅस कुठल्या बाजूला फिरवला की पेटतो हेही ठाऊक नव्हतं. कबुतरांना दाणे टाकायच्या त्या काकू. रोज सकाळी साडेसहाला स्टीलच्या डब्यातून मूठभर ज्वारी. त्या वेळी अण्णा कबुतरांचे बिल्डिंगमधले पहिले शत्रू होते. “तुझ्या या पाहुण्यांना उद्यापासून रेशनकार्डावर चढव,” असं त्यांनी काकूंना सुनावलेलं आम्ही खालून ऐकलेलं आहे. सहा वर्षांपूर्वी काकू गेल्या. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी सकाळी साडेसहाला वरून डब्याचं झाकण वाजलं. तेव्हापासून मूठभराची परात झाली. अण्णांचं म्हणणं, मूठ किती असायची ते हिलाच ठाऊक होतं.

आणि याच काकूंनी आमच्या थोरल्याच्या वेळी सौ.ला नऊ महिने डोहाळे पुरवले, कारण माझी आई तेव्हा गावाला होती. सांगा आता, लिहा अर्ज.

सौ.नं तर पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. “अहो, अण्णांना काही बोलायचं नाही. त्यांचं तेवढंच राहिलंय.” म्हणजे फिर्यादी पक्ष सुरुवातीलाच फुटला.

मी साडूंकडे गेलो. आमचे साडू वकील आहेत. ते चहा घेता घेता सल्ला देत नाहीत, सल्ला देता देता चहा घेतात. त्यामुळं चहा नेहमी गार होतो आणि सल्ला गरम असतो. सगळं ऐकून ते म्हणाले, “भाऊसाहेब, आधी मला सांगा, तुमचा उपद्रव खाजगी की सार्वजनिक?”

मी म्हटलं, “यात फरक असतो?”

“आहे तर! एकाच्या जागेत बसून दुसऱ्या एकाच्या घराला त्रास दिला की तो खाजगी. त्याला दिवाणी दावा. सगळ्या वस्तीला दिला की सार्वजनिक. तो गुन्हाही होतो.”

खाजगीचं उदाहरण म्हणून त्यांनी मला १८९३ सालचा लंडनचा एक खटला सांगितला. क्रिस्टी विरुद्ध डेव्ही. दोन घरं, मध्ये एक भिंत. क्रिस्टीच्या घरात गाण्याच्या शिकवण्या चालत. शेजारचा डेव्ही लाकडावर कोरीवकाम करणारा. त्याला शांतता हवी. त्यानं आधी एक खवचट पत्र लिहिलं आणि मग शिकवणी सुरू झाली की भिंतीवर ठोकायचं, ताटल्या बडवायच्या, शिट्ट्या घालायच्या, किंचाळायचं, असा जोडकार्यक्रम सुरू केला. कोर्टानं मनाई हुकूम दिला तो डेव्हीवर. गाणं हा घरातला रीतसर व्यवहार. ताटल्या बडवणं हा निव्वळ दुष्टावा. मला हा निकाल फार आवडला. आमच्या पहिल्या मजल्यावर हार्मोनियम शिकणारा एकजण आहे, त्याच्यापुढं मी किती वेळा परात उचलून परत ठेवलीय ते माझं मला ठाऊक.

“पण अण्णांचा दुष्टावा नाही,” मी म्हटलं.

“सार्वजनिकमध्ये दुष्टावा लागत नाही,” साडू म्हणाले. “आणि तुमच्या कलमाचं शेवटचं वाक्य तर सोन्याचं आहे. उपद्रवातून काहीतरी सोय किंवा फायदा होतो, एवढ्यावरून तो माफ होत नाही.”

“फायदा कसला? ज्वारी किती महागलीय!”

“पुण्य हो, पुण्य! पुण्य हासुद्धा फायदाच.”

चित्रगुप्ताच्या वहीत जमेला लिहिलेली रक्कम डोंबिवलीच्या हिशेबात खर्ची पडते हे ऐकून मी गारच झालो. एवढ्या थोर देशात एवढं धाडसी वाक्य १८६० पासून छापलेलं आहे आणि कोणाला पत्ता नाही! आपल्याकडे जो उपद्रव होतो तो निम्माशिम्मा पुण्याच्या खात्यावरच तर होतो. रस्त्यात मांडव घालणारा, रात्री अकराला भजनाचा भोंगा लावणारा, भर चौकात गायीला चारा विकायला बसवणारा, कोणीही घ्या. भोंग्यापुरता तर २००० सालचा वेगळा नियमच आहे, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर वाजवायचा नाही. आणि सणासुदीला वर्षातले काही दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. झोपेला मात्र अशी सूट कुठून मिळते ते नियमात नाही.

“अडचण एकच,” साडू म्हणाले. “खोकला फक्त वहिनींना आहे ना? मग समोरचा म्हणणार, हा खाजगी. सामायिक दाखवा. आणखी कोणी खोकतंय का बघा.”

कायद्याच्या मते त्रास पुरतो, खोकलाच पाहिजे असं काही नाही, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. पण तोवर मी आठ दिवस बिल्डिंगमध्ये खोकले गोळा करत हिंडत होतो. जिन्यात वर्तमानपत्र घेऊन उभा राहायचा आणि कान लावायचा. दुसऱ्या मजल्यावर एक दमदार खोकला सापडला, पण तो विडीचा निघाला. तळमजल्यावर दोन कोवळे खोकले होते. ते सोमवार ते शुक्रवार शाळेच्या वेळेपर्यंतच चालायचे. वॉचमनचा खोकला मात्र पुराव्याच्या लायकीचा होता, पण तो म्हणाला, “साहेब, खोकला हा नोकरीचा भाग आहे. गाडी आली की गेट उघडायच्या आधी खोकावं लागतं.” सार्वजनिक म्हणावा असा एकही खोकला मिळेना. उपद्रव सगळ्या बिल्डिंगचा होता. गच्ची, जिना, पाण्याची टाकी, वाळत घातलेले कपडे, सगळीकडे त्याच्या सह्या होत्या. छाती मात्र एकटीचीच गेली होती.

साडूंनी मग मार्ग सांगितले. एक, कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज. जुन्या फौजदारी प्रक्रियेतलं १३३, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतलं १५२. दंडाधिकारी आधी सशर्त आदेश काढतो, म्हणजे अमुक दिवसांत हे बंद करा, नाहीतर येऊन कारण सांगा. पडायला आलेलं घर, रस्त्यावर झुकलेलं झाड, कुंपण नसलेली विहीर, आरोग्याला घातक असा धंदा, धोकादायक जनावर, सगळं त्यात बसतं. दोन, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ९१. तो दावा अ‍ॅडव्होकेट जनरलनी आणायचा, नाहीतर कोर्टाच्या परवानगीनं दोन किंवा अधिक माणसांनी; त्यांचं स्वतःचं खास नुकसान झालेलं नसलं तरी चालतं. १९७६ पूर्वी त्या दोघांना अ‍ॅडव्होकेट जनरलची लेखी संमती लागायची, आता कोर्टाची परवानगी पुरते.

“अर्ज एकट्यानं केला तरी चालेल,” साडू म्हणाले, “पण पहिल्यापासून दोन सह्या असू द्या. एकाची तक्रार म्हणजे भांडण. दोघांची म्हणजे जनता.”

जनता व्हायला मला फक्त एक माणूस कमी पडत होता. सोळा बिऱ्हाडांची बिल्डिंग. मी रविवारी सकाळी कागद घेऊन निघालो.

चेअरमन म्हणाले, “मी सही केली तर ती चेअरमनची होईल. त्याला मीटिंग लागते. पर्सनल करावी तर मी चेअरमन आहे.” बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणाले, त्यांची सही नमुन्याची असल्यानं ते ती साध्या कागदावर करत नाहीत. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी मला बसवलं, कांदेपोहे दिले, कबुतरांनी त्यांच्या कुरडयांचं काय केलं ते पाऊण तास सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, “पण श्रावण चाललाय ना भावजी, श्रावणात कोणाच्या दाण्यापाण्यावर सही कशी करू?” नवीन आलेलं जोडपं म्हणालं, “काका, आम्ही अकरा महिन्यांचे. कबुतरं परमनंट.” कायद्यात ‘राहणारे’ म्हटलंय, मालक असायला पाहिजे असं काही नाही, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं आणि घरमालकाचा फोन नंबर दिला. दुसऱ्या मजल्यावरचा विडीवाला तर दारातच म्हणाला, “तुम्ही पुढं व्हा. आम्ही मागं आहोत.” या वाक्याच्या भरवशावर पुढं झालेली माणसं आपण इतिहासात वाचतो.

खरं सांगितलं ते एका स्कूटरवाल्यानं. त्याची बंद पडलेली स्कूटर गेली नऊ वर्षं जिन्याखाली उभी आहे. तिच्या सीटमध्ये मांजरीच्या तीन पिढ्या वाढल्या. तो म्हणाला, “आज तुम्ही कबुतरांना कलम लावाल. उद्या माझ्या स्कूटरला लागेल.” मी परत येताना बघत आलो तर काय, दारोदारी एकेक कलम उभं होतं. कोणाची चपलांची मांडणी जिन्यात, कोणाच्या कुंड्यांचं पाणी खालच्या बिछान्यावर, कोणाचा मसाला रविवारी दुपारी खलबत्त्यात. एकमेकांच्या उपद्रवाला सगळ्यांनी मिळून न बोलता दिलेली ती संमती होती. तिच्यातली एक वीट काढली असती तर सोसायटीच कोसळली असती. नऊ वर्षं झाली म्हणून स्कूटरला तिथं हक्क मिळत नाही, सार्वजनिक उपद्रव कितीही जुना झाला तरी कायदेशीर होत नाही, हे मी त्याला सांगणार होतो. पण मला त्याची सही हवी होती, म्हणून मांजरीची चौकशी केली.

संध्याकाळी मी सौ.ला धीर देण्यासाठी रतलामची गोष्ट सांगितली. मध्य प्रदेशातलं रतलाम. तिथल्या एका वॉर्डातली माणसं उघडी गटारं, घाण आणि डास यांना कंटाळून याच १३३ कलमाखाली दंडाधिकाऱ्याकडे गेली. त्यानं नगरपालिकेला गटारं बांधायचा हुकूम केला. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. गटाराला पैसे नसलेली ही नगरपालिका सुप्रीम कोर्टापर्यंत मात्र जाऊन पोचली. तिथं १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं, पैसे नाहीत ही सबब इथं चालणार नाही, काम करा.

“मग झाली का गटारं?” सौ.नं विचारलं. बायकांना निकालापेक्षा गटारात जास्त रस असतो.

मुंबईचं प्रकरण तर ताजंच होतं. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं महापालिकेला सांगितलं की बंदी मोडून कबुतरांना दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवा. दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला, ऑगस्टमध्ये जमावानं ती ताडपत्री ओढून काढली, आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा त्या कोर्टानं हायकोर्टाच्या आदेशात हात घालायला नकार दिला. मी ही बातमी सोसायटीच्या फळ्यावर चिकटवली. दुसऱ्या दिवशी तिच्याखाली सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, ‘सदर आदेश बृहन्मुंबई हद्दीपुरता असून डोंबिवलीतील पक्ष्यांस लागू नाही. बातमीतील शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या आहेत.’ अक्षर अण्णांचं.

त्याच संध्याकाळी वरून निरोप आला. “अर्ज लिहिलाय म्हणे. घेऊन या.”

मी गेलो. अण्णा टेबलाशी चष्मा लावून बसले होते. शेजारी तो स्टीलचा डबा. भिंतीवर काकू. मी अर्ज पुढं केला. त्यांनी टोपण काढलं आणि वाचायला सुरुवात केली.

“‘वरील विषयास अनुसरून’ कुठंय?”

“राहिलं.”

“तेच राहिलं तर साहेब वाचणार काय? आणि ‘सदर इसम’ म्हणजे मी ना?”

मी खाली बघितलं.

“मग ‘सदर गृहस्थ’ लिहा. इसम पंचनाम्यात असतो.” त्यांनी खोडून वर लिहिलं. “‘पक्षांस’ नव्हे, ‘पक्ष्यांस’. काँग्रेसला दाणे घालत नाही मी. हं. ‘त्यामुळे रहिवाशांच्या आरोग्यास अपाय होत आहे.’ कोणत्या रहिवाशांच्या?”

“सगळ्यांच्या. सामायिक.”

“सामायिक म्हणजे कोण? नाव पाहिजे. असा मोघम अर्ज मी चौतीस वर्षांत एकसुद्धा पुढं सरकू दिला नाही.”

मी काही बोललो नाही. साडूंनी बजावलं होतं की एकाच माणसाचं नाव घातलं तर उपद्रव खाजगी होईल. सौ.नं बजावलं होतं की आपलं नाव घालायचं नाही. वर अण्णांचं घर, खाली आमचं. संध्याकाळची वेळ, खिडक्या उघड्या. तेवढ्यात खालून खोकला आला. तो एकदा सुरू झाला की लवकर थांबत नसे. अण्णांनी पेन तसंच धरून ठेवलं. तो संपेपर्यंत आम्ही दोघं अर्जाकडे बघत बसलो.

“सर्दी म्हणाली होती मला,” अण्णा म्हणाले. “जिन्यात विचारलं तेव्हा.”

मी मग सांगितलं. डॉक्टर, फोटो, व्रण, सगळं. अण्णा चष्मा पुसत होते. नंतर ते भिंतीकडे बघून म्हणाले, “मी हिला तेव्हा सांगत होतो. बंद कर म्हणून. ऐकलं नाही. कबुतरांनीही नाही.”

मग त्यांनी अर्ज सरळ केला, माझ्या सहीखाली तारीख घातली आणि तिच्याखाली आपली सही केली. हेडक्लार्कची सही, खाली दोन टिंबं.

“अण्णा, हे काय?”

“दोन लागतात ना? तुमच्या साडूंचं कलम सबंध बिल्डिंगला पाठ झालंय.”

“अहो, पण अर्ज तुमच्याविरुद्ध आहे!”

“मग? अर्जदार आसपास राहणारा असावा, एवढंच आहे ना? मी ब्याऐंशी सालापासून राहतोय.”

अर्ज आम्ही दिला नाही. द्यायची वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी साडेसहाला वर झाकण वाजलं नाही. कबुतरं मात्र वेळेवर हजर. तीस-चाळीस असतील. कठड्यावर ओळीनं बसली आणि बंद खिडकीकडे मान वाकडी करून बघत राहिली. आठ दिवस ती तशी येत होती, आणि आतून अण्णा खिडकीच्या फटीतून ती बघत बसायचे, हे मला त्यांच्या कामवालीनं सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात ती पांगली. उरलेली अर्धी गोणी ज्वारी अण्णांनी आमच्याकडे पाठवली. सौ. तिच्या भाकरी करते आणि दोन वर पाठवते. तिचा खोकला उतरलाय. मजला चढताना अजून एकदा कठडा धरते. डॉक्टर म्हणतात, जे व्रण पडले ते पडले, नवे पडणार नाहीत एवढं बघायचं.

साडेसहाचं मात्र काहीतरी करायला हवं होतं. गेली सहा वर्षं अण्णा त्या वेळेला उठून बसत आलेले. आता साडेसहा वाजले की आमची बेल वाजते. अण्णा दारात. सौ. चहा टाकते. मी साठी उलटल्यावर मोठ्या कष्टानं आठपर्यंत झोपायला शिकलो होतो, ते शिक्षण वाया गेलं. साडूंना विचारलं, ते म्हणाले, “हा शुद्ध खाजगी उपद्रव आहे. दावा लावा, पण साक्षीदार वहिनीच आणाव्या लागतील.” म्हणजे तोही मार्ग खुंटला.

परवा सकाळी अण्णा कप हातात घेऊन आमच्या बंद गॅलरीच्या काचेशी बराच वेळ उभे होते. समोरच्या बी विंगकडे बघत होते.

“तो अर्ज जपून ठेवलाय ना?” त्यांनी विचारलं.

“आहे. का?”

“बी विंग, दुसरा मजला. काल एकानं तांदूळ टाकलेत.” त्यांनी खिशातून पेन काढलं. “आणा इकडे. ‘सदर गृहस्थ’ खोडून ‘सदर इसम’ करू.”